सदाफुलीचा काढा

एका गावात, विहिरीवर अजून रहाट कुरकुरायचा त्या काळी, शेळ्या पाळणारी एक सासू आणि तिची नवी सून राहायच्या. तेव्हा परसाला तारेचं कुंपण नसे. सुनेनं माहेराहून ओच्यात बी आणलं आणि वांग्यांभोवती सदाफुलीची दाट रांग लावली. शेळ्या वासानंच मागे फिरू लागल्या. सासू खूश झाली, पण तोंडावर कौतुक केलं नाही. तेव्हा तशी पद्धत नव्हती.

एका उन्हाळ्यात सासूच्या मानेला गाठी आल्या. सुनेनं तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, कॅन्सर आहे, पण औषध आहे. सदाफुलीतूनच काढतात. उपचाराला काही महिने यावं लागेल."

दोघी घरी पोचल्या, तोवर बातमी गावभर झाली होती.

"अगं बाई, औषध दारात आणि तुम्ही चाललात शहरात!" शेजारीण म्हणाली. "मूठभर पानं उकळा, प्या, मोकळ्या व्हा."

सासूला पटलं. एसटीची तिला धास्ती, सुईची त्याहून. तिनं चुलीवर पातेलं ठेवलं. "सूनबाई, पानं आण."

सून हलली नाही.

"माझ्या जिवापेक्षा माहेरची फुलं प्यारी झाली का गं तुला?"

सुनेचे डोळे भरले. तिनं सासूदेखत एक डहाळी तोडली आणि सगळ्यात खादाड शेळीपुढे धरली. ही शेळी वाळत घातलेलं लुगडंही चघळायची. तिनं हुंगलं, शिंकली आणि पाठ फिरवली.

"आत्याबाई, शेळी ज्याला तोंड लावत नाही, ते तुम्हाला कसं पाजू?"

सासूनं जन्मभर माणसांपेक्षा शेळ्यांचंच ऐकलं होतं. तिनं पातेलं उतरवलं.

दवाखान्यात हे ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं केलंत. या पानांत विषही आहे. गाडाभर पानांतून कणभर औषध निघतं, तेही जपून द्यावं लागतं."

सासूचे केस गेले, तोंडाची चव गेली. जिभेचा तिखटपणा तेवढा राहिला. एसटीत ती शेजारच्या बाईला सांगायची, "ही माझी सून. भारी हट्टी!" खिडकीबाहेर बघत सून हसू लपवायची.

गाठी विरल्या. पुढच्या वर्षी नातीच्या बारशाला पाळणा कोण म्हणणार, म्हणून बायका एकमेकींना ढकलत होत्या. बोटभर केसांवर पदर घेत सासू उठली आणि एकही कडवं न गाळता पाळणा म्हणाली. तो किंचित घोगरा आवाज घरात सगळ्यांना अजून आठवतो.

तात्पर्य एवढंच: झाडात औषध असतं, पण झाड म्हणजे औषध नव्हे; मायेच्या माणसानं हातात काढ्याचा कप द्यायच्या आधी जाणत्याला विचारावं.