शेवटचा हिसका

"उस्ताद, खरं सांगा. काय लपवून ठेवलंत माझ्यापासून?"

रामराम नाही, सलाम नाही. शिवगोंडानं दारातूनच तोफ डागली.

दस्तगीर उस्ताद पेट्रोलमध्ये बेअरिंग धूत बसले होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

मी शेजारचा पंक्चरवाला. आजऱ्यात उस्तादांच्या भिंतीला भिंत लावून माझं दुकान, त्यामुळं तिथला शब्दन् शब्द माझ्या कानावर. शिवगोंडा त्यांच्याच हाताखाली शिकला, गडहिंग्लजला स्वतःचं गॅरेज टाकलं, आणि तेव्हापासून नाक वर करून फिरायला लागला. आज मात्र तोंड उतरलं होतं.

उतरणारच की! मेहुण्याच्या प्रवासी भरणाऱ्या वडापच्या जीपचं, मागची चाकं फिरवणारं डिफरन्शियल ह्यानं जुळवलं, आणि आंबोलीच्या घाटात त्यातल्या पिनियनचं, बारक्या दातेरी चाकाचं, बेअरिंग जळून मागची चाकं जागीच जाम झाली. गाडी भरून माणसं. कठड्याला अडली म्हणून वाचली. बहीण म्हणाली, "अण्णा, तू जुळवलेल्या गाडीत आता माझं कुंकू बसणार नाही."

तेच डिफरन्शियल टेम्पोत घालून तो आला होता.

"पिनियनचा नट आवळायची वेळ आली की मला चहाला धाडायचात. दर वेळेला. का?"

"धाडायचो," उस्ताद म्हणाले.

घ्या! कबूलच केलं. खोटं कशाला सांगू, हा संशय मलाही होता. जुना उस्ताद सगळं शिकवतो, पण शेवटची किल्ली कनवटीला ठेवतो म्हणतात. मी पंप सोडून दारात येऊन उभा राहिलो.

"कर माझ्यासमोर," उस्ताद म्हणाले.

शिवगोंडानं नवी बेअरिंगं घातली. पिनियनच्या मागं शिमची पातळ चकती घातली, दातांना लाल रंग फासला, क्राऊनचं मोठं चाक बसवून फिरवलं. दाताच्या बरोबर मध्यावर डाग उठला.

"पिनियनची खोली बरोबर. हे कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मग हे का नाही लपवलं?"

शिवगोंडा क्राऊन काढायला वाकला. पण डोळे उस्तादांच्या हातावरच, पत्ते पिसणाऱ्याकडं बघावं तसे.

क्राऊन बाजूला काढला. दोन बेअरिंगांच्या मध्ये नवी नळी घातली. नट आवळत जाईल तशी ही नळी चेपत जाते आणि बेअरिंगांना हवा तेवढा ताण बसतो; जास्त झाला की बेअरिंग तापून जळतं. शिवगोंडानं पान्याला पाइप लावला. आवळलं, हातानं फिरवून बघितलं. परत थोडं आवळलं. ढिला खेळ गेला. पिनियन जडसर, पण एकसारखा फिरायला लागला.

तो थांबला... आणि अजून एक हिसका दिला.

"हा कशाला?"

"सैल राहिला तर?"

"हाताला सैल लागला?"

"नाही. पण हाताचा काय भरवसा?"

उस्तादांनी पिनियन फिरवायला लावला. आता तो अडून बसलेल्या म्हशीसारखा झाला होता.

"सोड मागं."

"मागं सोडला तर खेळ येतो. नळी चेपली ती चेपली."

"मग?"

"...नवी घालायची."

"घाल."

नवी नळी बसली. ह्या खेपेला उस्तादांनी पाना स्वतःकडं घेतला.

"मी आवळतो. तू फिरव. बस म्हणालास की थांबतो."

"मी? तुम्हाला कळत नाही होय?"

उस्तादांनी पहिला ओढा दिला. शिवगोंडानं पिनियन फिरवला आणि टकामका उस्तादांकडं बघायला लागला.

"परत तोंडाकडं बघतोस!" उस्ताद कडाडले. "लेका, हात सोडून माझं तोंड वाचतोस, म्हणून धाडायचो चहाला!"

आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

ओढा. फिरवणं. ओढा. फिरवणं. पोराच्या कपाळावरून घाम गळायला लागला. माझाही जीव टांगणीला, उगाच...

शिवगोंडानं डोळे मिटले.

"बस."

पाना थांबला. उस्तादांनी तो खाली ठेवला आणि चिंधीला हात पुसायला लागले.

"बरोबर आहे?"

उस्ताद एकेक बोट पुसत होते.

"एकदा हात लावून बघा की."

"नाही."

"का नाही?" शिवगोंडाचा आवाज चढला. "चुकलंय म्हणून? मला परत तोंडावर पाडायचंय?"

उस्ताद चिंधी घडी करत होते.

"उस्ताद, माझ्या बहिणीचा नवरा बसणार आहे त्या गाडीत!" आता तो रडायच्या बेताला आला होता. "पाया पडतो. एकदा हात लावा."

उस्ताद उठले. पिनियनला वळसा घालून मागच्या दाराशी गेले आणि घरात बायकोला हाक मारली,

"जुबेदा, सावंतवाडीला लेकीकडं जायचं म्हणत होतीस न्हवं? आवर. उद्या शिवगोंडाच्या मेहुण्याच्या जीपनं आंबोलीचा घाट उतरून जाऊ."