तळ्याला कुंपण

"उद्या सूर्य मावळायच्या आत या तळ्याचं कुंपण दाखव. नाहीतर परवा बांध घालायला सुरुवात होईल," मोस्यू व्हालमों म्हणाला.

बीदाबान तळ्याकडे पाहत राहिली. पाच कोसांचा घेर, तळाशी कमरेएवढा चिखल. याला कुंपण घालायचं?

व्हालमों हा उत्तर अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या फ्रेंच गढीचा अंमलदार. शेजारी इंग्रजांचा कर्नल विदरबी बसला होता. गेल्या वर्षापर्यंत हे दोघे एकमेकांवर तोफा डागत होते. आता दोन राजांचा तह झाला, म्हणून तळ्याकाठी मांडलेल्या एकाच टेबलाशी बसून ते नकाशावर तळ्याचे दोन तुकडे करत होते. वरचा फ्रान्सच्या राजाचा, खालचा इंग्लंडच्या राजाचा. दोन्ही राजांनी हे तळं स्वप्नातही पाहिलं नव्हतं. तळ्याच्या तोंडाशी बांध घालायचा, पाण्यावर लाकडं कापायची गिरणी चालवायची आणि फळ्या निम्म्यानिम्म्या वाटून घ्यायच्या, असं ठरलं होतं.

बांध घातला की पाणी चढणार. पाणी चढलं की त्यात आपोआप उगवणारा रानभात बुडून मरणार. त्याच भातावर बीदाबानच्या वस्तीतली, तिथल्या मूळच्या ओजिब्वे जमातीची दोनशे माणसं बर्फाचे पाच महिने काढत. गढीवर मासे विकता विकता ती फ्रेंच बोलायला शिकली होती, म्हणून वस्तीने तिला पुढे केलं होतं.

"इथे नांगर नाही, कुंपण नाही," कर्नल म्हणाला. "आमच्या कायद्याने ही जागा मोकळी आहे."

"मग आम्ही?"

"तुम्ही इथे नुसते राहता."

"किती पिढ्या राहिलं म्हणजे नुसतं राहणं संपतं, कर्नलसाहेब?"

व्हालमोंने टेबलावर बोटं वाजवली. "उलट बोलू नकोस. मी तुम्हा सगळ्यांना बापासारखा आहे."

"आमच्यात बाप पोरांना हुकूम सोडत नाही, मोस्यू. जेवायला घालतो."

कर्नल मिशीत हसला. व्हालमोंचे कान लाल झाले. बीदाबानने मात्र आवाज अगदी मऊ केला.

"आम्ही रानातली माणसं. कुंपण म्हणजे नक्की काय, ते तरी सांगा. उद्या भलतंच काही दाखवायला नको."

अडाण्याला शहाणं करायची संधी कुठला साहेब सोडतो? व्हालमों ऐटीत म्हणाला, "कुठून कुठपर्यंत कुणाचं आहे, हे मालकाने तोंड न उघडता ज्याच्यावरून कळतं, ते कुंपण."

"खांब हवेतच का?"

"दगड चालतील, चर चालेल. कळल्याशी कारण."

"कर्नलसाहेबांना मान्य?"

"मान्य," कर्नल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती दोघांना होडीत घालून तळ्यात घेऊन गेली. व्हालमों चढताना ताठ उभा राहिला आणि होडी उलटता उलटता वाचली. मधोमध आल्यावर तिने वल्हं थांबवलं. चहूकडे उभा भात होता आणि जागोजागी त्याच्या ताटांच्या जुड्या सालीच्या दोऱ्यांनी बांधलेल्या होत्या.

"हे काय?" कर्नलने विचारलं. सात वर्षं तो या काठाने ये-जा करत होता. या जुड्या म्हणजे रानटी लोकांचा काही जादूटोणा असावा, असं त्याने वरिष्ठांना लिहूनही कळवलं होतं.

"तुम्हाला आवडतील त्या तीन जुड्या कापा. तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या. दोरी सोडू नका. पोत्यात घाला आणि पोतं तुमच्याकडेच ठेवा."

काठावर वस्तीतल्या चार बायकांना चार तंबूंत बसवलं होतं. कर्नल स्वतः ते पोतं आणि गढीवरचा दुभाषा घेऊन एकेकीकडे गेला. पहिलीने दोरीवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, "ही वाबिगूनच्या घरची. ही आमची. आणि ही ओगीनची, तिचा पीळ डावा असतो." दुसरीने तेच सांगितलं. तिसरीने तेच. चौथी म्हातारी जवळजवळ आंधळी होती. तिने चाचपूनच तिन्ही घरं सांगितली आणि वर विचारलं, "भात अजून हिरवा आहे, कुणा मूर्खाने कापला हा?"

"दाणे पाण्यात गळू नयेत म्हणून पिकायच्या आधी दर घरची बाई आपापल्या जुड्या बांधते," बीदाबान म्हणाली. "गाठ तिची, पीळ तिचा. एका घरच्या जुड्या संपतात तिथे दुसऱ्याच्या सुरू होतात. तोंड न उघडता कळतं. पाहिलंत ना कुंपण?"

व्हालमोंने काठावरच्या टेबलावरचा नकाशा पुढे ओढला. "पण आमच्या राजाचा हक्क त्याहून जुना आहे. त्याचीही खूण आहे इथे."

"दाखवा की. आमची तुम्ही पाहिलीत."

"दाखवता येणार नाही. राजाचं नाव कोरलेला शिशाचा पत्रा आहे. त्या मोठ्या पाइनच्या झाडाखाली आम्ही तो पुरलाय."

बीदाबानने झाडाकडे पाहिलं, मग व्हालमोंकडे.

"हाड पुरून ठेवणारा एक कुत्रा आमच्याकडेही आहे, मोस्यू. पण म्हणून ते झाड कुणी त्याच्या नावावर केलेलं नाही."

कर्नलने टेबलावर थाप मारली आणि पोट धरून हसला. "पुरून ठेवलाय म्हणे! आम्ही नाही असं लपवत. आमच्या राजाचा सिंह टिनच्या पत्र्यावर काढलाय आणि तो वाटेवरच्या एकूणएक झाडांना ठोकलाय."

"तसाही एक आहे आमच्याकडे," बीदाबान म्हणाली. "एकही झाड सोडत नाही."

कर्नलचं हसू तोंडातच राहिलं. आता व्हालमोंची पाळी होती. तो इतका हसला, इतका हसला की त्याचा केसांचा टोप नाकावर आला. डोळे पुसत त्याने नकाशा उचलला आणि कर्नलच्या नाकासमोर टराटरा फाडला.

"फ्रान्स या बांधात नाही! एकट्याने घालायचा तर घाल, विदरबी, आणि गिरणी माझ्या तोफांसमोर चालवून दाखव. आणि तू, पोरी, माग काय मागायचं ते!"

"भात भाजायला मोठं भांडं नाही आमच्याकडे."

गढीच्या स्वयंपाकघरातली सगळ्यात मोठी तांब्याची कढई त्याच दुपारी चार शिपाई खांद्यावरून वस्तीत घेऊन आले. कर्नल विदरबी जेवायला थांबला नाही.