गेल्या वर्षीचा केर

शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. गोष्ट मात्र शाळेचीच आहे.

एका सकाळी येसाक्काची नोकरी गेली. संस्थानच्या शाळेत ती रोज केर काढायची, दर आठवड्याला जमीन शेणानं सारवायची. शाळाखात्याचे मोठे अधिकारी फणसेसाहेब तपासणीला आले, वाकून कोपरे पाहिले आणि म्हणाले, "इथं केर कुठं आहे? केर नाही, तर केर काढणारी कशाला?" एवढी अक्कल एका पगडीखाली मावते कशी, असा प्रश्न शाळेच्या मास्तरांना पडला.

नोकरीबरोबर शाळेमागची खोलीही जाणार होती. येसाक्का तडक दरबारात गेली.

सर्जेराव महाराज हट्टी. गरिबाचं गाऱ्हाणं ऐकायचं, तर आधी त्याला कोड्यात अडकवायचं, हा त्यांचा न्याय!

"गेल्या वर्षभरात काढलेला केर आणून दाखव," ते म्हणाले. "नोकरी परत."

फणसेसाहेब गालात हसले. "केर जपून ठेवायचा असतो, हे हिला कुठलं ठाऊक, सरकार?"

"दाखवते की," येसाक्का म्हणाली. "फक्त दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या जमिनीला कुणी हात लावायचा नाही. मग सरकारांनी आणि साहेबांनी तिथंच यावं, पोरांसारखी मांडी घालून बसावं."

सुट्टीभर शाळेत गावची कुत्री लोळली.

ठरल्या दिवशी दोघं जमिनीवर बसले. "कुठाय केर?" विचारता विचारता महाराजांनी पोटरी खाजवली. मग मान. मग पाठ. फणसेसाहेब तर अंगरख्यात दोन्ही हात घालून जागच्या जागी उड्या मारू लागले.

"अगं बाई, हे चावतंय काय?" महाराज ओरडले.

"पिसवा, सरकार. मी रोज काढत होते, तो केर हाच. पण हा नुसता सुट्टीचा आहे. वर्षभराचा पाहायचा, तर अजून बरंच बसावं लागेल."

"उठवा मला!"

"आधी साहेबांना विचारा, त्यांना काही दिसतंय का. दिसत नसेल, तर चावतही नसेल."

महाराज हसत सुटले. एका हातानं पोट धरून, दुसऱ्यानं पाठ खाजवत. येसाक्काला नोकरी जन्माची मिळाली, खोली तिच्या नावावर झाली, आणि शेण आणायला एक मदतनीसही मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फणसेसाहेब जरीची पगडी घालून, हातात शेणाची पाटी घेऊन सरकारी गोठ्यात म्हशीमागे उभे राहिले. म्हैसही सरकारीच. तिनं त्यांना दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं.