घाटात महाराजांना मागे टाकणारी ताकवाली

महाराजांना भर घाटात एका ताकवालीने मागे टाकलं! आणि तेही घंटी वाजवून!

देवटाकचे उदाजीराव महाराज सायकलीचे भारी शौकीन. अंगाला चिकटलेले कपडे, एका हाताने उचलता येईल अशी हलकी सायकल आणि मागे तशाच सायकलींवर सात सरदार. वजन कमी व्हावं म्हणून ही मंडळी बाटलीतलं पाणीसुद्धा अर्धं ओतून निघत. त्या सकाळी सगळे माना खाली घालून, धापा टाकत गडाचा घाट चढत होते. तेवढ्यात मागून "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" करत सगुणा आली. सायकलीला बॅटरी, मागे ताकाच्या दोन भरल्या किटल्या, पदर खोचलेला आणि कपाळावर घामाचा टिपूस नाही. बघता बघता ती वळणाआड गेलीसुद्धा.

दुपारी तिला दरबारात बोलावणं आलं.

"आजपासून घाटात बॅटरीच्या सायकलींना बंदी!" महाराज गरजले.

सगुणाचा डावा गुडघा अधू. खालच्या वाडीतून किटल्या घेऊन पायी निघायचं, तर गडावरच्या बाजारात पोचेपर्यंत दुपार होणार आणि ताक आंबून जाणार. ताकाशिवाय घरात दुसरी कमाई नव्हती.

"महाराज, माझा गुन्हा काय?"

"लबाडी!" सरदार हैबतराव मध्येच बोलले. "आम्ही घाम गाळायचा आणि तू नुसतं बटण दाबायचं! बॅटरीवर बसून तर माझी आजीसुद्धा गड चढेल!"

"मग आणा की आजींना! त्यांनाही एकदा गड बघू दे."

दरबारात खसखस पिकली. महाराजांच्या मिशा थरथरल्या.

"जीभ बरी चालते तुझी! पाय चालतात का, तेही बघू. आजपासून आठव्या दिवशी याच सायकलीवर, भरल्या किटल्यांसकट, माझ्या आधी गड चढून दाखव. चढलीस तर बंदी उठवतो. पण सायकलीत तुझ्या पायांच्या ताकदीशिवाय दुसरी कसलीही ताकद असता कामा नये!"

"मग बॅटरी काढून ठेवू का, महाराज?"

"मुळीच नाही! ते धूड आहे तसं ओढायचं!"

महाराजांनी तिची बॅटरी समोर उभं राहून रिकामी करवली, तिच्या घरची वीज तोडायला लावली आणि दारात सटवाजी नावाचा शिपाई पहाऱ्याला बसवला.

एक दिवस सगुणा नुसती सायकलीकडे बघत राहिली. बॅटरी रिकामी असताना ती सायकल चढावर रेटायची म्हणजे पहिलवानाचंही काम नव्हे. दुसऱ्या दिवशी सवयीने तिने ताक घुसळायला घेतलं. लोण्याचा गोळा हातात आला आणि ती तशीच थांबली. घुसळलं आज, पण हे लोणी तर चार दिवस पुरणार!

ती उठली. वडिलांची जुनी साधी सायकल तिने मागचं चाक अधांतरी राहील अशी परसात लाकडी घोड्यावर चढवली. मागच्या चाकाला पट्ट्याने जुन्या मोटारीचा डायनॅमो जोडला, त्याची तार आपल्या बॅटरीला लावली आणि पेडल मारायला बसली. गुडघा दुखला की थांबायची, शेक घ्यायची, पुन्हा बसायची.

सटवाजी रोज गडावर जाऊन खबर द्यायचा.

"काय करते ती?" महाराज विचारायचे.

"सायकल चालवते, महाराज."

"कुठवर जाते?"

"कुठंच नाही. दिवसभर पेडल मारते, पण सायकल जागची हलत नाही!"

महाराज पोट धरून हसायचे. सटवाजीला मात्र तिची दया आली.

"ताई, उतरा जरा. तासभर मी मारतो."

"नको दादा! तुमच्या पायांची ताकद यात मिसळली, तर महाराजांना काय तोंड दाखवू? तुम्ही आपलं ताक प्या."

पाचव्या दिवशी सटवाजी खालच्या आवाजात म्हणाला, "महाराजांनी विचारलंय, गडावर थोडं ताक पाठवता येईल का?"

"रस्ता बंद आहे ना? कसं पाठवू?"

आठवा दिवस उजाडला. घाटाच्या दोन्ही अंगांना माणसं दाटली. नगारा वाजला. महाराज सरदारांसह बाणासारखे सुटले. सगुणाने शांतपणे पेडल मारलं, बटण दाबलं, आणि दुसऱ्याच वळणावर घंटी वाजली!

महाराज वर पोचले तेव्हा ती किटली उघडून बसली होती.

"लबाडी! बॅटरी चालली!" हैबतराव ओरडले.

"सटवाजी!" महाराज कडाडले. "हिने वीज कुठून घेतली?"

"देवाशप्पथ महाराज, कुठूनच नाही! मी दारातून हललो नाही. हिने फक्त पेडल मारलं."

"त्याच पेडलवर डायनॅमो फिरवून बॅटरी भरली, महाराज," सगुणा म्हणाली. "हिच्यात माझ्या पायांशिवाय कुणाचीही ताकद नाही. शिपाईदादा मदत करत होते, तीही घेतली नाही."

"पण ती ताकद आजची कुठं आहे? आठ दिवस साठवलेली आहे ती!"

"आणि आपली, महाराज? वर्षभर रोज घाट चढून आपणही साठवलीतच की! आपण मांड्यांत साठवली, मी डब्यात!"

महाराजांनी आपल्या मांड्यांकडे पाहिलं. मग बॅटरीकडे पाहिलं. आणि असे खदखदून हसले की गडावरची कबुतरं उडाली.

"बंदी उठली! आणि ऐका, उद्यापासून गडाच्या दरवाजाशी असाच डायनॅमो बसवा. माझे सातही सरदार रोज संध्याकाळी तिथं पेडल मारून वाडीच्या बॅटऱ्या फुकट भरतील. पहिला तास माझा!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महाराज तासभर पेडल मारून हसत हसत उतरले, हैबतराव तोंड पाडून चढले. सगुणाने त्यांच्या हातात गार ताकाचा पेला दिला आणि म्हणाली, "सरदार, जरा जोरात! उद्या तीन किटल्या न्यायच्यात."