मानाच्या वाडग्याचं कुंपण

त्या कुरणात भांडण टकरीने मिटायचं. दोन्ही बाजूंचा एकेक एडका रिंगणात उतरे आणि शेवटी जो उभा राहील त्याची बाजू खरी ठरे. बळी तो कान पिळी, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण तिथे त्याला न्याय म्हणत, आणि एकदा म्हटलं की म्हटलं.

ज्यांच्याकडे दांडगा एडका नाही त्यांनी काय करायचं? म्हणून फार पूर्वी सगळ्या कळपांनी तोंडचा घास काढून एक वाडगं, म्हणजे कुंपण घातलेलं आवार, उभारलं होतं. कुणाच्याही कोकराने तिथे यावं, टक्कर शिकावी आणि दुबळ्यांसाठी रिंगणात उतरावं. पुढे कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की, सगळ्यांना सारखं शिकवलं तर नामांकित एडके निपजणार कसे? मग त्याच वाडग्याच्या पोटात दुसरं वाडगं झालं. बाहेरच्याला खुलं म्हणू लागले, आतल्याला मानाचं. खुल्यात वाळका कडबा, मानाच्यात सरकी. ती सरकी वरच्या माळावरचे बोकड पाठवत. का पाठवत, ते विचारायची तिथे पद्धत नव्हती. आणि मानाच्या वाडग्याचं कुंपण काही बाभळीचं नव्हतं. ज्यांची निवड झाली नाही त्यांची मोडकी शिंगं एकमेकांत अडकवून ते रचलेलं होतं.

खडकाळीच्या कळपातून दोन कोकरं या वाडग्यात आली, कवड्या आणि त्याचा चुलतभाऊ चांद्या. खडकाळीला पाणवठा एकच, आणि त्याच्यावर बोकडांचा डोळा. "शिकून ये रे बाबा," कवड्याची आई निघताना म्हणाली होती. "पाणवठ्याची टक्कर आज ना उद्या लागणारच. तेव्हा आपलं म्हणायला कुणीतरी पायजे." त्या कळपातल्या कोकरांचा एक खेळ होता. पुढचा खूर दोनदा आपटला की टक्कर लटकी. मग दोघांनी हळूच कपाळाला कपाळ टेकवायचं आणि हुंदडत सुटायचं. कवड्या-चांद्याचं सगळं बालपण त्या खेळात गेलं होतं.

निवडीचा दिवस आला. कोकरं जोडीजोडीने टकरायची; जिंकेल तो आत, हरेल त्याचं शिंग कुंपणात. वज्रोबा गुरुजी म्हणजे मानाच्या वाडग्याचा म्होरक्या, कपाळ नुसतं दगड. सकाळपासून शिंगं मोडत होती. उन्हं कलली तेव्हा जागा एकच उरली आणि तिच्यासाठी समोरासमोर आले हे दोघे. चांद्याने खूर दोनदा आपटला. कवड्याने ते पाहिलं, अगदी नीट पाहिलं. पण त्याला सरकीची गव्हाणही दिसत होती, आतल्या एडक्यांच्या शिंगांच्या टोकांना बसवलेल्या पितळी शेंब्याही दिसत होत्या. मी आत गेलो तर पाणवठा वाचेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि तो धावला. चांद्याचं डावं शिंग मुळापासून उखडलं. रक्ताने त्याचा डोळा भरला, तरी तो बावळटासारखा कवड्याकडेच बघत राहिला. वज्रोबांनी शिंग उचललं आणि कुंपणात खोचलं. त्या दिवसापासून चांद्याला सगळे भुंड्या म्हणू लागले.

मानाचे एडके आपसात टकरा घेत नसत. डोकी मोलाची ना! त्यांच्या सरावाला खुल्यातले एडके ओळीने उभे केले जात. पहिल्याच दिवशी कवड्यासमोर भुंड्या आला. कवड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने गुपचूप खूर दोनदा आपटला. भुंड्याने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि मग आपलाही खूर आपटला. कपाळं हलकेच भिडली.

"हे काय चाललंय?" वज्रोबा गरजले. "कुंकू लावतोस का त्याला? मारायचं नसेल तर बाहेर हो. खुल्यात जागा मोप आहे!"

कवड्याने मारलं. दुसऱ्या दिवशीही मारलं. आधी तो रडायचा, मग रडेनासा झाला, आणि पुढे पुढे तर जेवणही चांगलं जाऊ लागलं. खुल्यातले एडके दात गमावत, बरगड्या गमावत, आणि सकाळी पुन्हा ओळीत उभे राहत. "विचार करायला लागलास की मान ढिली पडते," वज्रोबा शिकवायचे. "डोक्याला नको, मानेला शिकव." कवड्याची मान शिकली. तिच्यासारखी मान वाडग्यात दुसरी नव्हती. एके दिवशी त्याच्या शिंगांना शेंब्या चढल्या.

आणि बोकडांनी खडकाळीचा पाणवठा मागितला. त्यांच्या बाजूने कवड्याने उतरायचं, असं वज्रोबांनी ठरवलं.

"गुरुजी, तो पाणवठा माझ्या आईचा आहे."

"असेल. आणि खाल्लीस ती सरकी कुणाची?"

शेंब्या काढून बाहेर पडायची वाट मोकळी होती. नाही असं नाही. पण एडक्याला हात नसले तरी दोन डगरींवर हात ठेवायची अक्कल त्यालाही असतेच. कवड्याने ठरवलं, उतरायचं, हलकेच टेकायचं आणि आपणच आडवं व्हायचं. पाणवठाही वाचेल, आणि पाय घसरला म्हटलं की शेंब्याही राहतील.

खडकाळीकडून रिंगणात आला एकशिंगी भुंड्या. दुसरं होतं कोण त्यांच्याकडे? कडेला मेंढ्या दाटीने उभ्या होत्या. समोर कोण आहे ते कवड्याच्या आईने ओळखलं. "अरे, हा तर आपला कवड्या!" ती ओरडली, आणि बिचारीला आनंदच झाला.

कवड्याने खूर दोनदा आपटला. भुंड्याचा चेहरा उजळला. त्यानेही आपटला, मान सैल सोडली आणि लहानपणी यायचा तसा दुडदुडत पुढे आला. कवड्या धावला. मनात हलकेच होतं, शपथेवर हलकेच होतं. पण मानेने त्याला विचारलंच नाही. ती जिथे रोज आदळायची तिथेच आदळली, उखडलेल्या शिंगाच्या खळग्यात. नारळ फुटावा तसा आवाज झाला. भुंड्या कोसळला, नाकाकानांतून रक्त आलं, मागचे पाय माती उकरत राहिले.

"ऊठ रे," कवड्या त्याला नाकाने ढोसत म्हणाला. "लटकी होती. चांद्या, लटकी होती रे!"

रिंगणात आता तो एकटाच उभा होता, म्हणजे बोकडांची बाजू खरी ठरली. भुंड्याचे पाय थांबायच्या आत ते पाण्यात उतरलेसुद्धा. कवड्याची आई भुंड्याचं तोंड चाटत बसली. तिने वर पाहिलं नाही.

वज्रोबा म्हातारे होऊन गेले आणि त्यांच्या जागी कवड्या बसला. त्याच्या टकरीची कीर्ती कुरणभर होती. एका निवडीच्या दिवशी फाटकाशी एक हाडकलेली मेंढी कोकरू घेऊन आली. तहानेने तिची जीभ सुजली होती. कवड्याने आईला ओळखलं. तिनेही त्याला ओळखलं होतं, पण ती मान खाली घालून बोलली.

"गुरुजी, आमचा पाणवठा गेला. एवढ्याला तुमच्या मानाच्या वाडग्यात घ्या. शिकला तर परत मिळवंल आमच्यासाठी."

अहो-जाहो ऐकून कवड्या दोन पावलं पुढे आला. त्याने पुष्कळ काही बोलायचं म्हणून तोंड उघडलं. पण बाहेर पडलं ते एवढंच, जे तो दरवर्षी सगळ्यांना विचारायचा.

"जोडीला कोण आणलंय?"

तिने बाजूला सरून मागचं दुसरं कोकरू पुढे ढकललं. ते भुंड्याच्या बहिणीचं होतं. मोठ्यांचं बोलणं लांबलं तशी दोघं कंटाळली. कुंपणात भुंड्याच्या शिंगाशेजारी थोडी जागा रिकामी होती, तिच्या खालीच ती समोरासमोर झाली. त्यांनी आपापला खूर दोनदा आपटला आणि हळूच कपाळाला कपाळ टेकवलं.