दुसऱ्या माणसाचं नाक

"पण तो वार कुठल्या पानावर आहे, तेवढं सांगा!"

ओराझिओनं पुस्तक वस्तादांच्या पुढ्यात आपटलं.

वस्ताद रिनाल्दो खिडकीपाशी बसून मोजा रफू करत होते. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. त्यांचंच होतं. तीस वर्षांपूर्वी छापलेलं. चाळीस चित्रं, आणि प्रत्येक चित्रात दोन माणसं. एक वार करणारा, एक खाणारा.

त्या काळी इटलीत तलवारीचे वस्ताद अशी पुस्तकं छापत, आणि गावोगावची तरणी पोरं ती घोकत बसत. शिवाय लोकांची एक ठाम समजूत होती. वस्ताद आपला सगळ्यात भारी वार पुस्तकात कधीच घालत नाही, लाडक्या शिष्यासाठी राखून ठेवतो म्हणे.

"कुठला वार?"

"जो तुम्ही छापला नाहीत तो."

"छापलाच नाही, तर पान कुठलं सांगू?"

ओराझिओचे कान लाल झाले. पण ऐट काही उतरली नाही.

"चाळीसच्या चाळीस चित्रं पाठ आहेत मला. झोपेतून उठवून विचारा."

"मग घोडं कुठं अडलं?"

"अडलं नाही काही. सहज आलो."

"बारा कोस चालत? सहज?" वस्तादांनी दोरा दातानं तोडला. "ताकाला आलास ना बाबा, मग भांडं कशाला लपवतोस?"

...

तेव्हा कुठं त्यानं सांगितलं. येत्या रविवारी द्वंद्व होतं. फुल्विओशी. फुल्विओ म्हणजे लहानपणापासूनचा दोस्त, अगदी भिंतीला भिंत लागून घर. एका लग्नात भर मांडवात तो याला 'कागदी तलवारबाज' म्हणाला. सगळे हसले. यानं हातमोजा काढून त्याच्या तोंडावर मारला. झालं! आता साक्षीदार ठरले होते, मैदान ठरलं होतं, तलवारी धारेच्या होत्या. दोघांपैकी एकजणच घरी परतणार होता.

"भीती वाटते?"

"मला? छे!"

कोपऱ्यात एक टकला म्हातारा तलवारींना तेल लावत होता. तो फिस्सकन हसला. हा गास्पारे. वस्तादांच्या तालमीत त्याचा जन्म गेला होता.

"सतरावं चित्र सांग," वस्ताद म्हणाले.

ओराझिओनं एका दमात म्हणून टाकलं. उजवा पाय पुढं, मनगट आत, मूठ कपाळाच्या उंचीवर, टोक डावीकडून तिसऱ्या बरगडीत.

"शाब्बास. आणि दुसऱ्या माणसाचं नाक कसं आहे?"

"कुठल्या दुसऱ्या?"

"ज्याच्या बरगडीत आत्ता तलवार घातलीस त्याच्या."

...

दोन वर्षं ते पुस्तक त्याच्या उशाशी होतं. त्या माणसाची छाती त्याला ठाऊक होती, गळा ठाऊक होता, मांडी ठाऊक होती. नाक? नाक कोण बघतं हो!

त्यानं घाईघाईनं पुस्तक उघडलं. सतराव्या चित्रातलं नाक दारात सापडून चेपल्यासारखं वाकडं होतं. त्यानं सोळावं पाहिलं. तेच नाक. तिसावं पाहिलं. तेच. चाळीस चित्रांत एकच माणूस मरत होता.

ओराझिओनं मान वर केली आणि कोपऱ्यात पाहिलं.

"चाळीस वेळा मेलोय पोरा," वाकड्या नाकाचा गास्पारे म्हणाला. "सवय झाली आता."

"दोघं बोथट तलवारी घ्या," वस्ताद म्हणाले.

ओराझिओला आनंदच झाला. समोर साठीचा म्हातारा, पोट सुटलेलं. त्यानं सतरावा वार काढला. गास्पारेची तलवार आधीच तिथं. चौथा काढला. अडवला. मग एकोणतिसावा काढला, ज्याच्यासाठी त्यानं आरशासमोर दोन हिवाळे घालवले होते. गास्पारे अर्धं पाऊल बाजूला झाला, आणि आपले शूरवीर गेले की थेट पेंढ्याच्या पोत्यांत!

गास्पारेनंच त्याला गळपट्टीला धरून उभं केलं.

"पुस्तक खोटं आहे!" ओराझिओ ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"खोटं असतं, तर मला अडवता आलं असतं होय?" गास्पारे म्हणाला.

वस्ताद उठले. त्यांनी भिंतीवरची धारेची तलवार काढून गास्पारेच्या हातात दिली.

"आता तू त्याच्या जागी उभा राहा," ते ओराझिओला म्हणाले. "चित्र सतरावं."

गास्पारेनं टोक ओराझिओच्या तिसऱ्या बरगडीला लावलं.

"हलू नकोस," तो म्हणाला. "चित्रकाराला एकेका चित्राला अख्खी सकाळ लागायची."

...

बाहेर कुणीतरी शेळ्या घेऊन गेलं. चर्चची दुपारची घंटा झाली. ओराझिओचा सदरा पाठीला चिकटला. आधी त्याला फक्त टोक दिसत होतं. मग पातं दिसलं. मग मूठ. मग हात.

"वस्ताद... यांचा हात थरथरतोय."

"म्हातारपण," गास्पारे पुटपुटला.

"थापा मारू नकोस," वस्ताद म्हणाले. मग ओराझिओकडे वळले. "चित्रांतला वार करणारा मी होतो. तिशीतला होतो. माझाही थरथरत होता. समोर हा होता ना."

"पण चित्रात तर तुमचा हात..."

"चित्रकारानं थरथर काढली नाही. छापता येत नाही म्हणाला."

गास्पारेनं तलवार खाली घेतली. ओराझिओ होता तिथंच मटकन बसला.

"मला पोहायला फुल्विओनं शिकवलं," तो म्हणाला. "मला भीती वाटते, वस्ताद. मरायची वाटतेच. पण तो पडला तर... मी त्याच्या दारावरून कसा जाऊ? त्याची आई अजून मला हाक मारून अंजीर देते."

वस्ताद पुन्हा मोजा घेऊन बसले.

"माफी मागायला गेलो तर गाव हसेल."

"हसेल."

"पळपुटा म्हणतील."

"म्हणतील."

"आणि फुल्विओनं दारच उघडलं नाही तर?"

"मग त्याच्या आईला हाक मार की!" गास्पारे म्हणाला.

ओराझिओ हसला. बारा कोसांत पहिल्यांदाच. उठला, दोघांच्या पाया पडला आणि लगबगीनं दाराकडे निघाला. रविवारच्या आत घरी पोचायचं होतं.

"अरे, तुझं पुस्तक राहिलं."

"आता त्याचं काय करू, वस्ताद?"

वस्तादांनी सुई उजेडात धरली, दोरा ओवला.

"फुल्विओला दाखव. सतरावं चित्र उघड, आणि विचार त्याला, दुसऱ्या माणसाचं नाक कसं आहे."