एकदाच चाललेलं रिव्हॉल्व्हर

“लोखंडाला काय कळतं, आई? ते कुणाच्या हातात गेलं, त्यानं काय झालं... भाव ठरवताना मी ते का बघावं?”

दामोदर दुसाने महानुभाव मठाच्या ओट्यावर बसून विचारत होते. समोर मठातल्या तपस्विनी रेवाआई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दुसान्यांचं तालुक्याच्या गावी परवान्याच्या हत्यारांचं दुकान होतं, वडिलांपासूनचं. नव्यापेक्षा जुन्या मालासाठी त्यांचं नाव जास्त. कुणाला आपलं रिव्हॉल्व्हर विकायचं असो की जुनं घ्यायचं असो, लोक म्हणत, आधी दुसान्यांना दाखवा. ते नळी उजेडाकडे धरून आत बघत, गोळ्यांची चकरी कानाशी नेऊन फिरवत, मुठीवर अंगठा घासत आणि भाव सांगत. मग घासाघीस नसे. मालातली खोट ते स्वतःहून दाखवत. आपल्याकडे गिऱ्हाईक कधी फसलं नाही, हा त्यांचा अभिमान. तो त्यांच्या बसण्यातसुद्धा दिसे.

मठात ते वर्षानुवर्षं दंडवताला येत. त्यांच्या धंद्याबद्दल आई कधी चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

“अडलं कशावर?” आईंनी विचारलं.

“बिऱ्हाडे साहेबांच्या रिव्हॉल्व्हरवर.”

पुंडलिक बिऱ्हाडे जंगल खात्यातून निवृत्त झालेले. बायकोबरोबर गावाबाहेर मळ्यात राहत. चोऱ्या वाढल्यात म्हणून परवाना काढला, असं सांगायचे. रिव्हॉल्व्हर जुनंच घेतलं, दुसान्यांकडून. पुढच्या उन्हाळ्यात त्याच रिव्हॉल्व्हरनं त्यांनी स्वतःला संपवलं. पोलीस, पंचनामा, सगळं उरकलं. वारस म्हणून विमलबाईंना ते विकायची परवानगी मिळाली आणि हत्यार फिरून दुसान्यांच्याच कपाटात आलं.

“बाई एवढंच म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही ठरवाल तो भाव.’ आता एक वीटभट्टीवाला आलाय. म्हणतो, माणूस गेलेलं हत्यार आहे, निम्म्यात द्या. निम्म्यात दिलं तर बाईंवर अन्याय. दुसऱ्या गिऱ्हाइकाला हे न सांगता विकलं तर त्याची फसवणूक. आणि नुसता माल बघायचा म्हटलं तर...”



“बोल.”

“माल उत्तम आहे. साहेबांनी नेल्यापासून... एकदाच चाललंय.”

शेंगा फुटायचा आवाज थांबला.

“म्हणजे भाव चढा?”

“नियमानं... हो.”

अंगणात वाऱ्यानं टरफलं सरकली. आईंनी ती पायानं गोळा केली.

“त्यांना विकलंस, तेव्हा भाव वाजवी होता?”

दुसाने सावरून बसले. हा प्रश्न त्यांच्या हक्काचा होता.

“वाजवीच. उलट मी उतरवून दिला. आधी सांगितला तो त्यांना झेपला नाही. ‘राहू द्या,’ म्हणाले आणि पायऱ्या उतरले. मी सवयीनं माल पुन्हा पाहिला. मुठीच्या पट्टीखाली गंजाचा ठिपका होता, माझ्या नजरेतून सुटलेला. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मी त्यांना हाक मारून परत बोलावलं. ठिपका दाखवला, भाव खाली आणला, तेव्हा त्यांनी घेतलं. प्रामाणिकपणा, आई. दुसरं काय?”

रेवाआईंनी टोपली बाजूला सारली. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, ओटा उतरल्या, अंगण ओलांडून फाटकापाशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

“मी बिऱ्हाडे. निघालोय. मार हाक.”

दुसाने ओशाळून हसले. “आई, हे काय...”

“मार.”

“साहेब!” त्यांनी हाक मारली. “थांबा जरा.”

दुकानातलाच आवाज तो. मोकळा, आर्जवी, खात्रीचा. पाठ वळली नाही.

“ऐकू आलं नाही.”

“साहेब, थांबा हो... तुमच्या...”

पुढचं वाक्य दुसान्यांना आठवलं. ‘तुमच्या बजेटमध्ये बसवून देतो.’ तेच म्हणाले होते ते त्या दिवशी. बिऱ्हाडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. चेहरा आठवेना. गंजाचा ठिपका तेवढा लख्ख दिसत होता.

आई परत येऊन बसल्या. शेंगा पुन्हा फुटू लागल्या.

दुसान्यांनी विचारलं, “मग काय, मी लबाडी करायला हवी होती? ठिपका लपवला असता तर... ते तसेच घरी गेले असते.”

आईंनी पुढची शेंग उचलली.

“का दुसरीकडून घेतलं असतं त्यांनी? सांगा ना.”



दुसाने ताडकन उठले.

“नकोच मला तो भाव! हत्यार सरकारजमा करून टाकतो. माझ्या दुकानातून ते आता कुणाच्या हातात जाणार नाही.”

“हत्यार कुणाचं?”

“विमलबाईंचं.”

“म्हणजे मन तुझं हलकं व्हायचं आणि तोटा तिनं सोसायचा.”

भर अंगणात कुणी थोबाडीत मारावी तसे ते उभे राहिले. मग एकेक शब्द तोलून बोलू लागले, गिऱ्हाइकाशी बोलत तसे.

“तोटा नाही होऊ देणार. माझ्या खिशातून देईन त्यांना. जे रास्त असेल ते, पुरतं. एक रुपया कमी नाही.”

रेवाआईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

“किती?”